खडक मघाचाच

निर्जन, खडकाळ किनाऱ्याच्या कडेने स्वतःच्या हाताने शिडाची होडी हाकावी, हे स्वप्न मी इतकी वर्षे उगाळले होते की ते पुरे होण्याची वेळ आली तेव्हा घरच्यांना आनंदापेक्षा सुटकाच अधिक वाटली. जोशुआ स्लोकम याने १८९५ ते १८९८ या काळात जेमतेम ११ मीटरच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मग १५ फुटी होडीतून एक भूशिर ओलांडून परत यायला असे काय लागते, असा माझा हिशेब होता. मोटर बसवून घ्या, असे होडी देणाऱ्याने दोनदा सुचवले. स्वप्नाला कोणी मोटर लावतो काय, असे मी त्याला बाणेदारपणे विचारले. परतताना चांदणे असावे म्हणून दिवसही पौर्णिमेचा निवडला.

सकाळी ओहोटीने आम्हाला अलगद भूशिरापलीकडे नेले आणि त्याचे श्रेय मी माझ्या सुकाणूवरच्या हाताला दिले. वारा समोरचा होता. त्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते, आणि प्रत्येक वळणाला शिडाखालची आडवी काठी झपकन या बाजूची त्या बाजूला फिरते. तिसऱ्या वळणाला ती माझ्या कपाळावर थांबली. टेंगूळ असे आले की चांदण्याचा बेत तिथेच रद्द करून मी तासाभरातच होडी माघारी वळवली.

आता वारा पाठीशी होता, शीड टम्म फुगले होते, पुढे पाणी खळखळत होते आणि मागे फेसाची रेघ उमटत होती. अर्ध्या तासाने पत्नीने विचारले, "अहो, हा खडक मघाचाच ना?"

"खडक सगळे सारखेच दिसतात."

"पाणकावळाही तोच आहे."

मी मोबाइलवर वेग पाहिला. शून्य. होडी पाण्यातून २ नॉट, म्हणजे ताशी सुमारे पावणेचार किलोमीटर वेगाने पुढे चालली होती आणि पाणी नेमके तेवढ्याच वेगाने आम्हाला मागे नेत होते. पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येऊन समुद्राला उधाण येते, त्यामुळे प्रवाहही जोरात धावतात; त्यातून भूशिराचे टोक आणि ओहोटीचे मधले दोन तास म्हणजे विचारायलाच नको. चांदण्याची किंमत मी भर उन्हात मोजत होतो. किनाऱ्यालगत प्रवाह मंद असतो, हे मला ठाऊक होते; परंतु तिथे फेसातून काळे सुळके डोकावत होते आणि होडीची अनामत माझ्या नावावर होती. आम्ही कधी दहा हात पुढे, कधी वीस हात मागे असे करत पाणी फिरण्याची वाट पाहत राहिलो.

घरी आल्यावर पत्नीने काढलेली ४३ छायाचित्रे पाहिली. सगळ्यांत तोच खडक आहे. पाणकावळा पहिल्यात पंख पसरून वाळवतो आहे, विसाव्यात चोचीने पिसे साफ करतो आहे, आणि शेवटच्यात आमच्याकडे पाठ करून झोपला आहे.