धुराची बिअर आणि सोसायटीची एनओसी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे रणकंदन चालू आहे. लालबागची आमची जुनी चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला, त्याच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून चार गाळे आहेत. एकात मेडिकल, एकात इस्त्रीवाला, एकात एटीएम. चौथा कोविडपासून बंद होता, तो आता कोणीतरी बिअर शॉपीसाठी मागतोय. २०२५च्या मार्चमध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. झालं! पाण्याची टाकी धुवायचा विषय असला की सभेला न फिरकणारे सभासदसुद्धा जागे झाले.

फ्लॅट आईच्या आणि माझ्या नावावर आहे, म्हणून ग्रुपवर मीही आहे. एरवी मी गणपतीची वर्गणी पाठवतो आणि गप्प बसतो. या वेळी गप्प बसवलं नाही. मी इतकंच लिहिलं, की दुकान नीट चालवलं, चांगल्या निवडक बिअर ठेवल्या, तर काय बिघडलं? त्यावर सेक्रेटरींचं उत्तर आलं: ‘दारू ती दारूच. त्यात कसली आलीय निवड? अमेरिकेत राहून माणसाचं असं होतं.’ त्याखाली पटापट अंगठे पडले. मोजले नाहीत म्हणतो, पण मोजले. एकोणतीस.

‘त्यात कसली आलीय निवड’ हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलं आहे. कारण माझा दर शुक्रवारचा अर्धा तास नेमका त्यातच जातो.

मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनजवळच्या वॉल्थमला मूडी स्ट्रीटवर एक पॅकी आहे, म्हणजे दारूचं दुकान. ऑफिसातून घरी जाताना मी तिथे थांबतो. मागच्या भिंतीला ओळीने काचेचे फ्रीज, आणि कोपऱ्यात सुट्या कॅनचं शेल्फ: कुठलेही सहा उचला, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला. माझा नियम असा की सहापैकी चार तरी कधी न प्यायलेल्या हव्यात. कॅनवरच्या चित्राला भुलायचं नाही. हल्ली कॅनवर काय वाट्टेल ते असतं, ऑक्टोपस, अंतराळवीर, चष्मा लावलेलं मांजर. कॅन उलटा करायचा आणि बुडाची तारीख बघायची. आयपीए ही कडू बिअर असेल तर तीन महिन्यांहून जुनी घ्यायची नाही, हॉप्सच्या फुलांचा वास उडून जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते. गडद, जड स्टाउट जुनी असली तरी चालते, काही तर मुरल्यावर बऱ्या लागतात. हिरव्या बाटलीतली उघड्या शेल्फवरची बिअर घ्यायची नाही, उजेडाने ती नासते. मग अल्कोहोलचे टक्के बघायचे. साडेचार असेल तर जेवणाबरोबर, अकरा असेल तर बायकोबरोबर अर्धी-अर्धी. हे सगळं मी भाजी निवडल्यासारखं करतो. आई लालबागच्या मार्केटात गवार मोडून बघते, तसं. आणि सेक्रेटरी मला विचारतात, कसली आलीय निवड!

अर्थात ते असं का म्हणतात ते मला कळत नाही असं नाही. मुंबईत मी वाढलो तेव्हा वाईन शॉप म्हणजे लोखंडी जाळी. जाळीला एक चौकोनी भोक, नोट आत, बाटली बाहेर. निवड म्हणाल तर दोन प्रश्न: थंड की साधी, माइल्ड की स्ट्राँग. आमची ठरलेली लंडन पिल्सनर, म्हणजे एलपी. पोऱ्या ती जुन्या पेपरात गुंडाळायचा, काळ्या पिशवीत घालायचा, आणि पुढच्या क्षणी आपण तिथे कधी नव्हतोच असा चेहरा करून चालायला लागायचं. ज्याच्याकडे बघायचीच चोरी, त्यात निवड कुठून येणार?

आणि कायदा तरी काय सांगतो? १९४९चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे. महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो. परमिट रूममध्ये बसलात तर एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना तुमच्या नावाने फाडायचा असतो, आणि त्यावर लिहिलेलं असतं की ही दारू आरोग्य राखण्यासाठी हवी आहे. म्हणजे चव आवडते म्हणून प्यायची सोय कागदावर नाहीच! एकतर तुम्ही रुग्ण, नाहीतर तळीराम. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला, तोही शंभर चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या दुकानांपुरता, तर ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र’ झालं म्हणून बोंब. बाजू घेणारे कसे, तर ‘वाईन म्हणजे दारू नव्हेच’ म्हणणारे. आहे दारू, चांगली आहे, सांभाळून प्या, असं साधं मराठी वाक्य कोणाच्या तोंडून निघेना.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भरात आणखी एक वाक्य लिहिलं: ‘आमच्याकडे दुधाच्या पिशवीशेजारी बिअर असते, आणि कोणी रस्त्यावर पडलेलं नसतं.’

त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे, पण शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्याचं. आम्ही महिन्यातून एकदा नॅशुआला जातो, तिथल्या सुपरमार्केटमध्ये आहे तसं. तिथे तर हायवेला लागूनच राज्य सरकारची स्वतःची दारूची दुकानं आहेत. हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१६चा निकाल वाचलेल्या माणसाला ते बघून भोवळ यावी. दुसऱ्या अर्ध्याबद्दल, बॉस्टनच्या साउथ स्टेशनबाहेर सकाळी आठला कोण कोण पडलेलं असतं ते मी रोज बघायचो. लिहिताना आठवलं नाही.

भाच्याने मात्र मला सोडलं नाही. पोरगा लॉ करतोय. त्याने ग्रुपवरच, सगळ्यांसमोर लिहिलं: ‘मामा, तू मॅसॅच्युसेट्समध्ये राहतोस. तिथे एका कंपनीला राज्यभरात बिअरचे नऊच परवाने मिळतात, म्हणून तुझ्या सुपरमार्केटमध्ये बिअर नाहीये. २०२२ला लोकांनी मतदानात ते बदलायलाही नकार दिला. हॅपी अवर, म्हणजे ठरावीक वेळेत स्वस्त दारू, १९८४पासून बंद. रविवारी सरसकट विक्री २००४मध्ये सुरू झाली. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला दुकानं बंद. तू आमच्यापेक्षा ड्राय आहेस.’ यावर पस्तीस अंगठे.

खरंच आहे. पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला मी त्या पॅकीच्या बंद दारासमोर उभा होतो, थंडीत, हातमोजे विसरून, अगदी दोन ऑक्टोबरला वाईन शॉपसमोर उभं राहावं तसा. पण एक फरक आहे आणि तो मी सोडणार नाही. इथे दुकानात शिरलो की कोणी माझ्याकडे ‘हा असा आहे होय’ या नजरेने बघत नाही.

त्या दुकानातला दाढीवाला पोरगा मला पहिल्यांदा भेटला २००९मध्ये. आता तो पोरगा राहिलेला नाही, दाढी पांढरी झाली. मी कुठला विचारलं, इंडिया म्हटल्यावर त्याने अख्ख्या फ्रीजकडे हात केला. जिकडे तिकडे आयपीए, आयपीए, आयपीए. इंडिया पेल एल. ‘मग तुला यातलं सगळं कळत असेल,’ तो म्हणाला. मी मान डोलावली. लालबागला जन्म गेला, आयपीए नावाची गोष्ट मी तोवर ऐकलीही नव्हती. नंतर वाचलं, की हॉप्स भरपूर घातलेली फिकट बिअर इंग्लंडहून जहाजांनी कलकत्ता, मद्रास, मुंबईला यायची. कित्येक महिन्यांचा प्रवास, हॉप्समुळे ती टिकायची. प्यायचे ते साहेब आणि सोजीर. नाव आमचं, बाटली आमच्या बंदरात उतरणार, आणि आम्हाला ती कळली कुठे, तर मूडी स्ट्रीटवर. त्या दिवशी उचललेली बिअर भलतीच कडू निघाली, ती मी आवडल्याचं नाटक करत संपवली. दुसऱ्या आठवड्यात वेगळी घेतली. आता दाढीवाला माझ्यासाठी व्हरमाँटहून आलेले एकदोन कॅन काउंटरखाली ठेवून देतो.

हे मी का सांगतोय? कारण ऑफिसात सोळा वर्षांनंतरही मीटिंगमध्ये माझं वाक्य कोणीतरी पुन्हा बोलून दाखवतं, म्हणजे बाकीच्यांना कळावं. लालबागला गेलो की टॅक्सीच्या भाड्यावरून आई मला गप्प बसवते, ‘तुला इथलं काय माहीत.’ त्या फ्रीजसमोर मात्र गोरे लोक मला विचारतात, ही गोझे कशी आहे हो? मी सांगतो, जर्मन प्रकार आहे, आंबट असते, आत धणे आणि मीठ असतं. ताकाशी सलगी असलेल्या माणसाला ती पहिल्या घोटात कळते, तुम्हाला दोनदा प्यावी लागेल. इतक्या ऐटीत मी या देशात दुसरं काहीही बोलत नाही.

गेल्या महिन्यात असंच एक अनोळखी उचललं. तपकिरी बाटली, जुन्या वळणाची जर्मन अक्षरं, चित्र वगैरे काही नाही. बांबर्गची राउखबियर, म्हणजे धुराची बिअर. तिथे बार्लीचा मॉल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, हे मला नंतर कळलं. घरी येऊन फोडली, ग्लासात ओतली, नाक जवळ नेलं आणि थांबलो. सुके बोंबील. निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील, आणि त्यामागे चुलीचा धूर, भिंतीत मुरलेला. कोकणातल्या आजीचं स्वयंपाकघर, मे महिना, कौलांतून येणारी उन्हाची तिरीप आणि त्यात फिरणारा धूर. मी बायकोला हाक मारली. ती सदाशिव पेठेतली, तिला बोंबील कशाला आठवतील? म्हणाली, ‘फायर अलार्म वाजेल असा वास आहे.’ ती बाटली मी एकट्याने सावकाश संपवली, बरोबर भाकरी नव्हती म्हणून टॉर्टिया भाजून घेतला.

याचा फोटो मी ग्रुपवर टाकला. बघा, म्हटलं, निवड म्हणजे ही.

तेव्हा खालच्या घरातल्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला. चाळीत त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. काका गिरणीत होते, माझे वडीलही. पगाराच्या दिवशी काकू गिरणीच्या गेटवर जाऊन उभ्या राहायच्या, गुत्ता वाटेत होता म्हणून. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मग पगाराचा दिवसच उरला नाही. गुत्ता उरला, तो उधारीवर द्यायचा. मी तेव्हा तीन वर्षांचा. माझी पहिली आठवण म्हणता येईल अशी आठवण आहे ती चाळीच्या जिन्याची: काका तिसऱ्या पायरीवर आडवे, आणि आईने मला कडेवर घेऊन त्यांच्यावरून टाकलेलं पाऊल. काकूंनी गावाकडे आडवी बाटली करायला बायका जमवल्या होत्या, चाळीतल्या मुलांना त्या शुद्धलेखन घालायच्या, आणि माझ्या अमेरिकेच्या तिकिटाला आई-वडिलांनी कर्ज काढलं त्यातले थोडे पैसे त्यांनी दिले होते. त्यांचा मेसेज अकरा सेकंदांचा होता. ‘बाळा, तिकडे तू काय पितोस त्याच्याशी मला काय करायचंय? जिना आम्हाला उतरायचाय.’

यावर अंगठे नाही पडले. ग्रुप दिवसभर गप्प होता.

मला उत्तर सुचलं होतं. टॉवरला लिफ्ट आहे, हे एक. बिअर शॉपी आणि गुत्ता यांत फरक आहे, हे दुसरं, आणि ते बरोबरही आहे. लोअर परळला गिरण्यांच्या आवारात आता बिअर जागच्या जागी गाळून देतात. मागच्या खेपेला भाच्याबरोबर गेलो होतो, दोघांचं बिल वडिलांच्या संपाआधीच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं झालं. तिथे कोणाला एनओसी विचारली, हे तिसरं. तिन्ही टाइप केली आणि पुसली. सेक्रेटरींचं अजूनही चूकच आहे, दारू ती दारूच हे मला मान्य नाही. पण काकूंना ते वाक्य म्हणायचा जो हक्क आहे तो सेक्रेटरींना नाही, आणि मला तर त्यावर बोलायचाही नसावा.

काल सभा झाली. मी झूमवर येतो म्हटलं, पण लिंक कोणाला बनवता येईना. सभा संपल्यावर आईने व्हिडिओ कॉल केला. इथे सकाळ होती, मी टेबल आवरत होतो. काय झालं विचारलं.

‘नाही दिली एनओसी.’

‘आपलं मत?’

‘मी हात वर केला की. काकूंच्या शेजारीच बसले होते.’

‘वर म्हणजे हो की नाही?’

‘आता तुला सगळं सांगत बसू का?’ आई म्हणाली, आणि मग फोन डोळ्यांजवळ नेऊन माझ्या मागे बघायला लागली. शेगडीपाशी काल रात्रीचा कॅन राहिला होता, ऑक्टोपसवाला. पाच सेंट परत मिळतात म्हणून मी ते जमवून ठेवतो.

‘ते रे कसलं चित्र?’

शेहेचाळीस वर्षांचा आहे मी. घराचे हप्ते भरतो, मुलगी कॉलेजात आहे. म्हटलं, ‘संत्र्याचा रस आहे, आई.’

आईने जरा वेळ बघितलं.

‘बरं,’ ती म्हणाली, ‘पण इतक्या थंडीत गार पिऊ नकोस. घसा धरेल.’