खुलासा : सॅम्युअल कोर्टोल्ड एक नव्हे, दोन

‘सॅम्युअल कोर्टोल्ड यांनी कृत्रिम रेशमाचा शोध लावला, कंपनी काढली आणि त्या पैशातून चित्रं जमवली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात दोन माणसांची आयुष्यं एकत्र झाली आहेत.

कोर्टोल्ड्स ही कापड कंपनी उभी केली ती थोरल्या सॅम्युअलनी (१७९३–१८८१). घराणं मूळचं फ्रान्समधून आलेल्या ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) चांदी-कारागिरांचं. थोरल्यांचा पैसा इसेक्समधल्या गिरण्यांत विणलेल्या काळ्या क्रेपचा, म्हणजे व्हिक्टोरियन काळात सुतकात वापरायच्या कापडाचा.

चित्रं जमवणारे सॅम्युअल (१८७६–१९४७) वेगळे. थोरले हे त्यांच्या आजोबांचे भाऊ. व्हिस्कोज, म्हणजे कृत्रिम रेशीमही या धाकट्यांनी शोधलं नाही. ती प्रक्रिया क्रॉस, बेव्हन आणि बीडल या रसायनतज्ज्ञांची. कंपनीने १९०४मध्ये तिचे ब्रिटनमधले हक्क विकत घेतले, तेव्हा हे अध्यक्षही नव्हते. अध्यक्षपद १९२१ ते १९४६.

त्याच मजकुरातलं ‘चित्रं फक्त स्वतःसाठी घेतली’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. १९२३मध्ये त्यांनी आधुनिक फ्रेंच चित्रं देशासाठी घेता यावीत म्हणून लंडनच्या टेट गॅलरी या कलासंग्रहालयाला ५०,००० पौंड दिले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली व्हॅन गॉगची ‘सूर्यफुलं’ त्याच निधीतून आली. इंग्लंडमध्ये तेव्हा या चित्रकारांकडे अनेक जाणकार संशयाने बघत असत, हे लक्षात घेतलं की त्या रकमेचं मोल कळतं. १९३१मध्ये पत्नी एलिझाबेथ गेल्या. पुढच्याच वर्षी लॉर्ड ली आणि रॉबर्ट विट या कलासंग्राहकांसोबत त्यांनी कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट ही कलेचा इतिहास शिकवणारी संस्था सुरू केली आणि स्वतःच्या संग्रहातला मोठा भाग तिला दिला. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचं ‘फोली-बेर्झेरमधला बार’ हे चित्र आजही तिथेच आहे.