उडाली किती?

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या हिवाळी पक्षीगणनेचे आकडे आले की आमच्या नाशिकच्या ग्रुपवर नुसता आनंदीआनंद. यंदा इतके आले, तितके आले. मीही त्यात असतोच. पण आलेले मोजले, उडालेली पिल्लं कोणी मोजली? त्यात जे शिकारी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांची वीण फसली तरी कुणाला पत्ता लागत नाही. झाडाखाली चार काटक्या पडलेल्या दिसाव्यात, तर तेवढंही नाही.

हिवाळ्यात आपल्या माळांवर भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी येतो, तो वीण करतो पार युरोपात आणि मध्य आशियात, गवतात नाहीतर दलदलीत. फ्रान्समध्ये माँटेग्यूचा भोवत्या गव्हा-बार्लीच्या शेतात घरटं करायला लागला आणि पंचाईत झाली. पिल्लं उडायच्या आत कापणीचं यंत्र येतं. मग स्वयंसेवक घरटी शोधतात, शेतकऱ्याशी बोलतात आणि घरट्याभोवतीचा तुकडा उभाच ठेवतात. दलदलीत यंत्र नाही, पण कोल्हा आहेच.

आपल्याकडचा असा गडी म्हणजे शृंगी घुबड. घरटं म्हणावं असं काही नाहीच. ओढ्याच्या दरडीत, कपारीत, झुडपाखाली उघड्या मातीवर दोन ते चार अंडी. पहिल्या अंड्यापासूनच मादी उबवायला बसते, म्हणून पिल्लं मागेपुढे निघतात. उंदीर-घुशी मुबलक असतील तर सगळी जगतात, नसतील तर शेंडेफळ जातं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार माझ्याबद्दल आहे. सिन्नरकडे मित्राच्या मळ्यालगतच्या नाल्यात एक जोडी होती. पलीकडच्या बांधावरून दुर्बिणीने बघायचो. पहिल्या वर्षी तीन पिल्लं दिसली, दोन उडाली. पुढच्या जानेवारीत मला राहवलं नाही, ग्रुपवर फोटो टाकला आणि एकाने विचारल्यावर लोकेशनही दिलं. रविवारी नाल्याकाठी सात गाड्या! मादी भर दुपारी उठली, कावळे तिच्या मागे लागले, अंडी उन्हात उघडी. पंधरा दिवसांनी दरड रिकामी. नैसर्गिक अधिवास होता तसाच होता, एक ढेकूळही हललं नव्हतं.

मित्राची आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड नदीत झिजवत बसतं आणि तसा मारणारा झिजतो. आम्ही शहरातले हसायचो. पण त्या नाल्यात एवढी वर्षं कोणी फिरकलं नाही, ते या भीतीनेच. आमच्या ‘जनजागृती’ला एक रविवार पुरला.

म्हणून आता विणीच्या दिवसांत लोकेशन विचारणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. शिष्ट म्हणा, चालेल.

यंदा नाल्याकडे गेलोच नाही. परवा मित्राचा फोन आला, रात्री पुन्हा घुमणं ऐकू येतंय म्हणाला. कुठून, ते मी विचारलं नाही.