प्रकाशकण पाण्याच्या रेणूंपाशी थांबत थांबत जात नाहीत

विज्ञानाच्या गटांमधून एक मजकूर सध्या सर्रास फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की पाण्यात शिरलेला प्रकाशकण वाटेतल्या रेणूवर आदळतो, रेणू त्याला शोषून क्षणभराने पुन्हा सोडतो, आणि अशा थांब्यांमुळे प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून सुमारे सव्वादोन लाखांवर येतो. जे कण पृष्ठभागावरून कॅरमच्या सोंगटीसारखे उडून परततात, ते परावर्तन. वेगाचे आकडे बरोबर आहेत, कारण मात्र चूक आहे, आणि ते मुलांच्या मनात एकदा बसले की काढणे अवघड जाते.

रेणूने प्रकाश खरोखर शोषला, तर पुन्हा सोडताना जुनी दिशा पाळण्याचे बंधन त्याच्यावर उरत नाही. हिवाळ्यात रत्नागिरीच्या बाजूला ओहोटीनंतर कातळातल्या खळग्यांत गुडघाभर पाणी राहते. वारा पडला असेल, तर तळाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपेची धारदार कडा आणि तिच्यावर अडकलेली वाळूची कणीसुद्धा रेखीव दिसते. तळ पाऊण खोलीवर आल्यासारखा भासतो, पण धूसर होत नाही. तेवढ्या पाण्यात रेणूंचे शंभर कोटींहून अधिक थर असतात; प्रत्येक थराशी दिशा नव्याने ठरत असती, तर ते पाणी आषाढातल्या गढूळ खाडीसारखे दिसले असते, जिथे गाळाच्या कणांवरून प्रकाश खरोखरच वाटेल तसा विखुरतो.

शिवाय पाणी जोरात शोषते ते अवरक्त आणि दूरचे अतिनील किरण. दृश्य प्रकाश ते फारच थोडा शोषते, तरी तो वळतोच.

मुळात एका रेणूशी टक्कर ही कल्पनाच इथे लागू पडत नाही. हिरव्या प्रकाशाची हवेतली तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर असते, आणि तेवढ्या बाजूच्या घनात पाण्याचे सुमारे ४०० कोटी रेणू मावतात. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र त्या सर्वांमधले इलेक्ट्रॉन एकाच वेळी, स्वतःच्याच वारंवारतेने डोलवते. प्रत्येकातून एक क्षीण तरंग निघतो, आणि मूळ तरंग व हे सारे तरंग मिळून जो तरंग पुढे जातो, त्याची शिखरे मागे पडत जातात. मंदावणे म्हणतात ते हेच. तिरकी लाट उथळ पाण्यात मंदावली, की वळून किनाऱ्याशी जवळपास समांतर होते. प्रकाशही पाण्यात शिरताना याच कारणाने वळतो.

मागे फिरणारे तरंग पाण्याच्या आत एकमेकांना पुसून टाकतात, फक्त पृष्ठभागालगत ही वजावट अपुरी राहते, आणि सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे २ टक्के भाग परततो. सोंगटीचा दाखला इथेही टिकत नाही, कारण रेणूंच्या उंचसखल रांगेवरून उडालेले कण भलतीकडेच गेले असते. आपाती आणि परावर्तन कोन समान राहिलेच नसते.

प्रकाशकण एकेक करून सोडले तरी शंभरांतले सरासरी दोनच परततात. कोणते दोन, हे आधी सांगता येत नाही, आणि ज्याने त्यांना परतवले असा एखादा रेणूही त्या पाण्यात दाखवता येत नाही.