७५१ माणसं आजारी पडली आणि कारण कळायला वर्ष लागलं

कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमाबद्दल आम्ही पुणेकर भरपूर बोलतो. पण त्याच संप्रदायातल्या काही जणांनी १९८४ साली अमेरिकेत काय केलं, हे माझ्या ओळखीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

ओरेगन राज्यातलं द डॅल्स हे छोटं शहर. तिथल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले गेले. ताप, उलट्या, जुलाब. ७५१ जण आजारी पडले, ४५ जणांना दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. हेतू काय, तर नोव्हेंबरातल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणुकीला स्थानिक मतदार अंथरुणावरून उठूच नयेत आणि संप्रदायाचे उमेदवार निवडून यावेत!

मला अस्वस्थ करतो तो तपास. आरोग्य खात्याने जंतू ओळखला, लोकांनी काय खाल्लं तेही शोधलं आणि ठपका ठेवला वाढणाऱ्यांच्या अस्वच्छ हातांवर. खासदार जेम्स वीव्हर यांनी संसदेत घातपाताचा संशय मांडला, तर टीका त्यांच्यावरच झाली. सप्टेंबर १९८५मध्ये खुद्द रजनीशांनी आपल्या सचिव शीला यांच्यावर आरोप केले, तेव्हा कुठे पोलीस आत शिरले. संप्रदायाच्या तिथल्या वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. आपसात फाटलं नसतं तर?

जैविक दहशतवाद म्हटलं की आपल्याला परदेशातली गुप्त लॅब दिसते. प्रत्यक्षात तो जुलाबाच्या रूपाने येतो आणि पहिले काही दिवस नेहमीच्या साथीपेक्षा वेगळा दिसतच नाही. २००१मध्ये फ्लोरिडात डॉ. लॅरी बुश यांनी एका रुग्णाच्या पाठीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, अँथ्रॅक्स या जीवघेण्या जंतुरोगाची शंका घेतली आणि लगेच कळवलं. पत्रांतून आलेल्या त्या जंतूने पुढे पाच बळी घेतले, पण सावध व्हायला वर्ष लागलं नाही. मला खरा बंदोबस्त वाटतो तो हा.

आपल्याकडे पुण्यात एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची) सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे, रोगांच्या नोंदींसाठी २००४पासून देशभर यंत्रणा आहे. पण नमुना घेतलाच नाही तर तिथे पोचणार काय? गेल्या वर्षी आमच्या गावी लग्नात साठेक माणसांना जुलाब लागले. सलाइन लावली, माणसं बरी होऊन घरी गेली. ‘पनीर खराब असेल’ म्हणून विषय मिटला. असेलही पनीरच! पण उरलेलं अन्न ओढ्यात गेलं आणि शौचाचा नमुना एकाचाही घेतला नाही, कारण आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियनच नव्हता.

ते पद आजही रिकामं आहे. कधी भरणार, हे येत्या ग्रामसभेत मी विचारणार आहे, आणि उत्तर लेखी मागणार आहे.