पोत्यात हात घालायचा कुणी?

खानापूरकर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला चार दिवस लागले. पहिलं उत्तर रागात लिहिलं होतं, ते खोडून टाकलं.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'थकल्या पेशी काढा, म्हातारपण मागं सारा' हा माझा लेख वाचून यांच्या बाबांनी बेळगावच्या बाजारातून अठराशे रुपयांची क्वेर्सेटिनच्या (कांद्यातही असणारं एक द्रव्य) गोळ्यांची बाटली आणली. महिनाभर घेतल्या, गुडघे होते तसेच आहेत. मी थकल्या पेशीला, म्हणजे विभागणं थांबलं तरी न मरता पडून राहिलेल्या पेशीला, पोत्यातल्या कुजलेल्या रताळ्याची उपमा दिली होती. त्यावर यांनी लिहिलंय, 'कुजलेलं रताळं फेका म्हणणं सोपं आहे हो. भरल्या पोत्यात हात घालायचा कुणी? उंदरांच्या गोष्टी सांगून म्हाताऱ्यांना कशाला आशेला लावता?'

आधी माझी चूक. तो मथळा माझाच, आणि तो वाईट होता. त्याहून वाईट म्हणजे गुडघ्यावरची जी चाचणी फसली, ती मी लेखात घेतलीच नाही. लेख लांबत होता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिनं माझ्या गोष्टीची मजा गेली असती.

तर ती आता सांगतो. 2017 साली उंदरांच्या गुडघ्यातला एक स्नायुबंध कापून झीज घडवली, मग थकल्या पेशी मारणारं औषध सांध्यात टोचलं. झीज कमी झाली, दुखणंही कमी झालेलं दिसलं. तेच औषध, नाव यूबीएक्स 0101, अमेरिकेत माणसांवर आलं. 183 रुग्णांपैकी काहींच्या गुडघ्यात औषधाचं इंजेक्शन, काहींच्या नुसतं दिखाऊ. ऑगस्ट 2020 मध्ये निकाल लागला: बारा आठवड्यांनी दोन्हीकडचं दुखणं सारखंच. कंपनीनं गुडघ्याचा नाद सोडला. चाळीस पावसाळे गुडघाभर चिखलात रोप लावून झिजलेला सांधा आणि मुद्दाम कापून काही आठवडे झालेला उंदराचा सांधा, यांतला फरक तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता 'उंदरांच्या गोष्टी'. इथं मात्र मी मागं हटणार नाही. 1961 साली हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण 50 वेळा विभागतात आणि मग थांबतात. थांबलेल्या सगळ्या मरत नाहीत. काही तशाच पडून राहतात, याच त्या थकल्या पेशी, आणि भोवती दाह वाढवणारी रसायनं सोडतात, त्यानं शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. रताळ्याची उपमा मला इथूनच सुचली. 2011 आणि 2016 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये या पेशी उंदरांतून काढल्या, तेव्हा म्हातारपणाचे काही विकार उशिरा आले, आणि दुसऱ्या प्रयोगात उंदरांचं आयुष्यही पावपट वाढलं. हे खोटं नाही. पण ते उंदीर जन्माआधीच असे घडवले होते की एक ठरावीक औषध दिलं की नेमक्या त्याच पेशी मराव्यात. म्हणजे पोतं भरतानाच प्रत्येक कुजक्या रताळ्याला दोरी बांधून ठेवल्यासारखं. आपल्याला कुणी दोरी बांधलेली नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मला टोमणा वाटला नाही. हे सगळं शास्त्र आज नेमकं त्याच प्रश्नावर अडलंय. नॅव्हिटोक्लॅक्स नावाचं औषध घ्या. थकल्या पेशी ज्या प्रथिनाच्या आधारानं तगतात त्यावर ते घाव घालतं. पण रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेटही त्याच प्रथिनावर जगतात, त्यामुळे त्या घटतात. हात घातला तो चांगल्या रताळ्यावर पडला. शिवाय सगळ्याच थकल्या पेशी कुजक्या नसतात. जखम भरताना शरीर त्या मुद्दाम तयार करतं, आणि बिघडलेल्या पेशीची वाढ थांबवून कॅन्सर रोखायचं कामही त्याच यंत्रणेचं. माझी उपमा इथं पार मोडते.

बाबांच्या गोळीचं नाव या चर्चेत येतं, कारण 2015 पासून क्वेर्सेटिन हे डॅसाटिनिबच्या जोडीनं वापरून बघतात. डॅसाटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध. त्यानं फुफ्फुसाभोवती पाणी होऊ शकतं, ते मनानं घ्यायचं नसतं. 2019 साली फुफ्फुसाच्या फायब्रोसिसच्या (फुफ्फुस घट्ट होत जाण्याचा आजार) 14 रुग्णांना ही जोडी तीन आठवडे दिली. चालण्यात सुधारणा दिसली, फुफ्फुसाची ताकद तेवढीच राहिली, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. तिथं क्वेर्सेटिन दिवसाला 1250 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून तीनच दिवस. 'मग कांदा खाऊ की, त्यातही असतं' असं खाली एकानं लिहिलंय, त्यांच्यासाठी: शंभर ग्रॅम कांद्यात ते 20 ते 40 मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढा डोस गाठायला दिवसाला तीन ते सहा किलो कांदा लागेल. घरचे हाकलून देतील.

नुसतं क्वेर्सेटिन घेऊन माणसाच्या गुडघ्याची झीज भरली, असं दाखवणारा पुरावा नाही. बाटली संपवायची म्हणून संपवू नका. बाबा रक्त पातळ करायची किंवा दुसरी कुठली रोजची गोळी घेत असतील तर ही बाटली डॉक्टरांना नेऊन दाखवा. गुडघ्याला सध्या ज्याचा आधार आहे ते सांगताना मलाच कंटाळा येतो: मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम, वजन जास्त असेल तर कमी करणं, उकिडवं बसणं टाळणं. यावर लेख लिहिला तर कुणी वाचत नाही, हेही त्या मथळ्यामागचं एक कारण.

मथळा बदललाय. गुडघ्याची चाचणी लेखात घातली आहे, तळाशी नाही, दुसऱ्याच परिच्छेदात. बाटलीवर एका गोळीत किती मिलिग्रॅम लिहिलंय आणि 'गुडघ्यासाठी' असं काही छापलंय का, तेवढं बघून कळवाल का? छापलं असेल तर लेबलचा फोटो पाठवा.