चेंबर दोन इंच, स्ट्रेनर दोन इंच, डिपस्टिकही दोन इंच?

जुन्या जीपमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सध्या फिरतोय. नाशिकमध्ये सातपूर-अंबडपासून द्वारकेपर्यंतच्या गॅरेजांतही तो तोंडपाठ झालाय. त्याचं म्हणणं असं: 'चेंबर क्रॉसमेंबरला लागत असेल तर खालून दोन इंच कापा, सपाट पत्रा मारा. स्ट्रेनर आणि डिपस्टिकही दोन-दोन इंच कापा. तेल कंपनीने सांगितलं तेवढंच घाला. घाटातही काही होत नाही.' चेंबर म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, क्रॉसमेंबर म्हणजे चॅसीचा आडवा दांडा, स्ट्रेनर म्हणजे पंप ज्यातून तेल ओढतो ती पाइपच्या टोकाची जाळी, आणि डिपस्टिक म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी. चारही वाक्यांत गोची आहे, पण सारखी नाही.

'तेल तेवढंच घाला.' आधी हिशोब करा. चेंबरचा खोल भाग 25 सेंमी लांब आणि 20 सेंमी रुंद धरला, तर 5 सेंमी कापल्यावर 2,500 घन सेंमी जागा जाते, म्हणजे अडीच लिटर. मूळचं पाच लिटर तेल त्यात ओतलं की हे अडीच लिटर वर चढतं. वरचा उथळ भाग 50 बाय 20 सेंमी असेल तर पातळी साधारण अडीच सेंमी वाढते. क्रँकची (इंजिनमधल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) वजनं तेलात आपटू लागतात, तेलाचा फेस होतो. पंप फेसच ओढतो आणि बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. डिझेलमध्ये आणखी एक धोका: ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेला, गेलं की इंजिन स्वतःच्याच तेलावर धावतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

मग जुन्या खुणेपर्यंतच, म्हणजे अडीच लिटर कमी घातलं तर? फेस होणार नाही. पण चालू इंजिनमध्ये लिटरभर तेल गॅलऱ्या (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा), हेड आणि भिंतींवर अडकलेलं असतं. ते वजा केलं तर खाली उरतं जेमतेम दीड लिटर. वर तेवढीच काजळी निम्म्या तेलात.

उपाय एकच: जेवढी खोली घालवली तेवढी रुंदी द्या. उरलेली खोली 10 सेंमी असेल तर दोन्ही बाजूंना 5 सेंमी रुंद आणि 25 सेंमी लांब असे कप्पे काढले की अडीच लिटर परत मिळतात. कापण्याआधी स्टार्टर, सायलेन्सरचा पाइप आणि स्टिअरिंगचा रॉड कुठून जातो ते पाहा. जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सल खड्ड्यात वर येतो, म्हणून तो बंप स्टॉपपर्यंत (अ‍ॅक्सलला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत) जॅकने उचलून मोजा. उभ्या गाडीखाली हात घालून घेतलेला अंदाज इथे फसवतो.

'डिपस्टिकही दोन इंच कापा.' मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. वरची खूण ठरते क्रँकवरून, चेंबरच्या तळावरून नव्हे. ब्लॉक तोच, क्रँक तोच आणि डिपस्टिकची नळीही जागेवर असेल, तर ती खूण एक मिलिमीटरही हलत नाही. पट्टी खालून दोन इंच कापून नव्या टोकापासून जुन्याच अंतरावर खुणा केल्या, तर 'फुल' दोन इंच वर सरकते आणि क्रँक तेलात बुडतो. पट्टी तळाला टेकत असेल तर फक्त टेकणारं टोक कापा. खालची, म्हणजे 'लो'ची खूण मात्र स्ट्रेनरवरून आणि नव्या चेंबरमध्ये किती लिटर मावतं यावरून नव्याने ठरवावी लागते.

डिपस्टिकची जागा बदलावी लागते ती वेगळ्या कारणांनी: चेंबरचा खोल भाग पुढून मागे नेला, किंवा नळी मॅनिफोल्डला लागते. नळी चेंबरच्या बाजूला वेल्ड करायची तर तोंड 'फुल'च्या वर ठेवा, नाहीतर जोड तेलात राहून गळत राहील. नळी 45 अंशांत तिरपी असेल तर उभ्या 20 मिमीला पट्टीवर 28 मिमी लागतात. पट्टी घालून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे घासते का बघा. ब्लॉकमधलं जुनं भोक बुजवायला विसरू नका.

इंजिनचा कलही मोजा. नव्या माउंटिंगवर ते मागे 4 अंश झुकलं, तर 50 सेंमी लांबीत मागची पातळी पुढच्यापेक्षा साडेतीन सेंमी वर दिसते. म्हणून खुणा स्टँडवर नको, गाडीतच करा. सपाट जागा, नवा फिल्टर, 'लो'साठी ठरवलेलं तेवढंच तेल. इंजिन मिनिटभर चालवा, दहा मिनिटं थांबा, खूण करा. मग मोजून एक लिटर घाला, पुन्हा तेच. वरची खूण मागच्या टोकाच्या क्रँकच्या वजनापासून किमान 20 मिमी खाली राहिली पाहिजे.

'स्ट्रेनर दोन इंच कापा.' हे जवळपास बरोबर आहे, पण इंचपट्टीने होत नाही. स्ट्रेनर आणि तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर हवं. मुलांच्या क्लेची गोळी स्ट्रेनरवर लावून, गॅस्केटसह चेंबर घट्ट बसवा, काढा आणि दबलेली क्ले मोजा. पाइपचा जोड नीट नसेल तर तेल बाहेर गळत नाही, आत हवा शिरते. बाहेरून सगळं कोरडं आणि ऑइल प्रेशरचा काटा मात्र थरथरतो. पाइपला आधाराचा ब्रॅकेटही द्या, नाहीतर कंपनाने तो तडकतो.

'घाटात काही होत नाही.' कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाची चढण यापेक्षा ब्रेक जास्त घातक. दहात एक चढणीवर तेल सहा अंशांच्या आत कलतं, तर अर्ध्या 'जी'च्या (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराच्या) ब्रेकला साडेसव्वीस अंश. उथळ, लांब चेंबरमध्ये तेल सरळ पुढे पळतं आणि मागचा स्ट्रेनर उघडा पडतो. स्ट्रेनरभोवती आडव्या पट्ट्या द्या, एका बाजूनेच उघडणारी झडप असेल तर उत्तम. या आडव्या पट्ट्यांच्या खालच्या कोपऱ्यात 6 मिमीची फट ठेवा, नाहीतर ड्रेन करताना जुनं तेल मागेच राहतं.

वेल्डिंगबद्दल थोडंच. जुन्या ब्लॉकला बोल्ट करूनच टाके मारा, नाहीतर फ्लँज (चेंबरची ब्लॉकला बसणारी कड) वाकते. गळती एम-सीलने झाकू नका. बाहेरून खडू फासा, आत रॉकेल भरा, रात्रभर ठेवा. खडूवर ओला डाग उमटला तर तो जोड घासून पुन्हा वेल्ड करा. आणि आरसीवर इंजिन नंबर असतो. बदलाची परवानगी आरटीओकडून आधी काढायची, काम झाल्यावर नव्हे.

पहिल्या स्टार्टआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंद. प्रेशर चढलं की मगच डिझेल सोडा. तीन-चार वेळा मारूनही काटा हलला नाही तर चेंबर पुन्हा उतरवा आणि आधी स्ट्रेनरचा जोड बघा.